धावून जाणाऱ्यांची भिंत

नागपुरात एका कंपाउंड वॉलवर आम्ही स्वयंसेवकांनी टाइलच्या तुकड्यांचं स्मारक उभं केलं. अग्निशमन जवान, १०८ च्या गाडीवरचे चालक आणि डॉक्टर, पुरात होडी घेऊन उतरणारे, अपघाताच्या जागी सगळ्यांत आधी पोचणारे पोलीस, या सगळ्यांसाठी ते आहे. दोन खांबांमध्ये ८ फूट अंतर, असे ३ गाळे आणि उंची ६ फूट, म्हणजे एकूण १४४ चौरस फूट चित्र. असं काम आपल्या वस्तीत, शाळेत करावं असं अनेक मंडळांच्या मनात असतं. त्यांच्या उपयोगाचं जे आहे ते इथे लिहितो आहोत.

उद्घाटनाच्या दिवशी कुठलीही भिंत सुंदर दिसते. तिसऱ्या पावसाळ्यानंतर तिच्यातला एकही तुकडा गळलेला नसावा आणि एकही नाव चुकलेलं नसावं, हे अवघड. जीव दिलेल्या माणसाचं नाव चुकीचं कोरलं किंवा त्याच्या चित्राचे पोपडे निघू लागले, तर त्यापेक्षा स्मारक न केलेलं बरं. म्हणून आमच्या मेहनतीचा मोठा भाग चित्रात दिसतच नाही. तो प्लास्टरमध्ये, नावांच्या कागदांमध्ये आणि कोरडं व्हायची वाट पाहण्यात गेला.

परवानगीचं थोडक्यात. भिंतीच्या मालकाचं लेखी संमतिपत्र, महानगरपालिकेची परवानगी आणि फुटपाथ अडणार असेल तर वाहतूक पोलिसांना अर्ज, एवढं लागतं. देखभाल कोण करणार हे त्याच पत्रात लिहून घ्या, नंतर ते कुणी लिहून देत नाही. रस्ता रुंद होणार आहे का, तेही त्याच वेळी विचारा.

चित्राचा पहिला आराखडा आम्ही मोबाइलवर शोधलेल्या फोटोंवरून काढला होता, आणि तो जवळजवळ सगळाच बदलावा लागला. फोटो बहुतेक अमेरिकेतले. त्यात फुटपाथवर ठेंगणा लाल हायड्रंट, म्हणजे बंबाला पाणी देणारा नळ होता, जो आपल्या रस्त्यांवर दिसत नाही. होजला, म्हणजे पाण्याच्या लांब नळीला, आट्यांचं कपलिंग (जोड) होतं. आपल्याकडे दाबून बसवायचं, खटक्याचं कपलिंग असतं. होजचा मेल भाग पंपाच्या आउटलेटमध्ये बसतो आणि आगीकडच्या टोकाला फीमेल असतो, त्यात ब्रँच पाइप, म्हणजे पाण्याची धार सोडणारी तोटी बसते. आमच्या चित्रात हे नेमकं उलटं होतं. शिवाय पाणी सुरू असलेला होज दोरीसारखा वळ्या घालून पडलेला दाखवला होता. दाबाने भरलेला होज ताठ असतो, त्याला मोठं, सावकाश वळण येतं, आणि ब्रँच धरायला एकामागे दुसरा माणूस लागतो. राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे. देशभरातले अग्निशमन अधिकारी इथे शिकून जातात. त्यांच्यातला कुणी या रस्त्याने गेला तर त्याची नजर आधी कपलिंगवर जाणार. म्हणून प्रत्येक गाळ्याचा आराखडा ते काम करणाऱ्या माणसांसमोर ठेवला आणि लाल पेन त्यांच्याच हातात दिलं.

पुराच्या गाळ्यात २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आहे. त्या रात्रीच्या पावसाने अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउटच्या घरांत शिरलं आणि लोकांना होड्यांनी बाहेर काढावं लागलं. आम्ही होडीत उभा राहून हात पुढे करणारा जवान काढला होता. रबरी होडीत कुणी असं उभं राहत नाही, तोल जातो. सगळे खाली बसलेले, एकाच्या हातात दोर, आणि वर ओढून घेतलं जाणारं माणूस होडीच्या कडेवर पोटावर आडवं, असं चित्र मग झालं. दिसायला ते कमी वीरश्रीचं आहे, पण खरं आहे. रुग्णवाहिकेच्या गाळ्यात स्ट्रेचर पायांकडून आत जात होतं. रुग्णाला डोक्याकडून आत घेतात.

दोन गोष्टी कायद्याच्या. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे चिन्ह जिनिव्हा करारांनी संरक्षित आहे आणि आपल्याकडे १९६० च्या कायद्याने केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते कुणालाही वापरता येत नाही. रुग्णवाहिकांवर, दवाखान्यांवर ते सर्रास दिसतं म्हणून चालतं असं नाही. आम्ही गाडीवर फक्त १०८ हा आकडा ठेवला. राज्यचिन्हाचंही तसंच. टोपीवर, खांद्यावर अशोकस्तंभ काढायचा मोह होतो, पण २००५ च्या कायद्याने त्याच्या वापरावर बंधनं आहेत. टोपीचा आकार आणि खाकीची छटा बरोबर असली की पोलीस ओळखू येतो.

आता भिंत. नागपूरची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. कंपाउंड वॉलचा पाया उथळ असतो, त्यामुळे भिंत दरवर्षी थोडी हलतेच. खांब एका चालीने हलतो आणि मधली विटांची भिंत दुसऱ्या, म्हणून चीर नेहमी दोघांच्या जोडावर पडते. त्या जोडावरून टाइल नेली की पहिल्याच वर्षी ती रेघ चित्रातून उभी फाटत जाते. यावर उपाय एकच, चित्रच भिंतीप्रमाणे कापायचं. आग, पाणी आणि रस्ता असे तीन स्वतंत्र गाळे केले. गाळा आणि खांब यांच्यामध्ये १० मिलिमीटरची फट ठेवून ती पॉलियुरेथेन सीलंटने भरली. त्या फटीत ग्राउट, म्हणजे टाइलचे सांधे भरायचा सिमेंटचा माल, भरायचं नाही. मिस्त्री सवयीने भरतात, तिथे उभं राहून थांबवावं लागतं.

भिंत कोणत्या तोंडाची आहे तेही पाहा. पश्चिमेकडच्या भिंतीवर एप्रिलमध्ये सूर्य मावळेपर्यंत ऊन असतं, हात ठेवता येत नाही. शक्यतो उत्तरेकडे किंवा पूर्वेकडे तोंड असलेली भिंत घ्यावी.

ओल तपासायला दोन फूट बाय दोन फूट प्लॅस्टिक चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला लावून दोन दिवस ठेवावं. आतून थेंब धरले तर भिंत ओली आहे. खालच्या दोन फुटांत पांढरी पूड दिसत असेल तर तो लोणा. त्यावर काहीही चिकटवलं तरी क्षार मागून ढकलतात आणि टाइल सुटते. आमच्या एका गाळ्यात लोणा होता. तिथलं प्लास्टर विटेपर्यंत उतरवलं, भिंतीच्या मागे साचणाऱ्या पाण्याला उतार काढून दिला आणि एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी ठेवली. चित्राला त्यामुळे सहा महिने उशीर झाला, पण दुसरा मार्ग नव्हता. बाकीच्या गाळ्यांतला जुना रंग छन्नी-हातोडीने पूर्ण काढला. रंगावर टाचे मारून पुढे जाऊ असं सुचवणारे भेटतात, पण मग टाइल भिंतीला चिकटत नाही, रंगाला चिकटते. सगळं प्लास्टर हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहिलं, जिथे पोकळ वाजलं तिथे काढलं. नवीन प्लास्टर सिमेंट-वाळू एकास चार, १२ ते १५ मिलिमीटर जाडीचं, वरून गुळगुळीत न घोटता गुरमाळ्याने खरबरीत ठेवलेलं. सात दिवस पाणी मारलं आणि त्यानंतर २८ दिवस पूर्ण होईपर्यंत हात लावला नाही.

माथ्यावर उताराचं कोपिंग, म्हणजे भिंतीचं झाकण, आणि त्याच्या खालच्या कडेला पाणी गळून पडेल अशी खाच हवीच. मोझॅक मरतं ते बहुधा वरून आत शिरलेल्या पाण्याने. तळाला जमिनीपासून ९ इंच काळ्या दगडाची पट्टी घेतली, कारण पावसाचे शिंतोडे आणि चिखल तेवढ्या उंचीपर्यंत उडतात.

टाइलचे तुकडे आपल्याकडे नवीन नाहीत, गच्चीवर चायना मोझॅक कुणी पाहिलेलं नाही? फरक एवढाच की गच्चीवर तुकडे आडवे पडलेले असतात आणि इथे ते उभे लटकतात. टाइलच्या दुकानांकडे बंद झालेल्या डिझाइनचा माल, नमुन्याचे तुकडे, कोपरे उडालेल्या पेट्या पडून असतात आणि कारण सांगितलं की दुकानदार मोकळ्या मनाने देतात. पण जे मिळेल ते आणायचं नाही. भिंतीची सिरॅमिक टाइल ६ ते ८ मिलिमीटर जाड, आतून मऊ, निपरने, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीने, हवी तशी तुटते. व्हिट्रिफाइड टाइल ८ ते १० मिलिमीटर, पाणी जवळजवळ पीत नाही, टिकते, पण निपरची चाकं बोथट करते. हात, चेहरे, कपलिंग असे बारकावे सिरॅमिकमध्ये आणि आकाश, पाणी, रस्ता व्हिट्रिफाइडमध्ये अशी वाटणी केली. जाडीप्रमाणे वेगळ्या पेट्या ठेवल्या नाहीत तर चित्राला उंचवटे येतात आणि कडा बोटांना कापतात. १४४ चौरस फुटांना १८० चौरस फूट टाइल धरावी, पाचवा हिस्सा तुटण्यात जातो.

लाल रंगाने सगळ्यांत जास्त फिरवलं. बाजारात मरून मिळतो, विटकरी मिळतो, केशरी मिळतो. बंबाचा खरा तांबडा लाल मिळत नाही. असा ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा चकाकीचा थर, कॅडमियम-सेलेनियमच्या रंगद्रव्यातून येतो, तो महाग आणि भट्टीत नाजूक, म्हणून साध्या टाइलमध्ये कमीच बनतो. बंबासाठी ११ चौरस फूट लाल हवा होता, तो किती तरी दुकानांतल्या नमुन्यांच्या तुकड्यांतून गोळा झाला. त्यामुळे त्यात लालच्या चार छटा आहेत. गडद छटा खाली आणि सावलीच्या बाजूला, उजळ छटा वर लावल्या, तेव्हा तो बंब गोल, भरीव दिसायला लागला. आरशाचे तुकडे मात्र वापरू नका. सिमेंटमधल्या अल्कलीने आणि ओलीने मागचा मुलामा काळा पडतो, आणि मावळतीला गाडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चमक येते.

तोडणं. टाइल ओल्या गोणपाटात पालथी ठेवायची, चकाकी खाली, आणि हातोडीचा एकच ठोका मध्यावर. कोरड्या पोत्यात केलं तर कपच्या उडतात आणि धूळ उठते. चकाकी वर ठेवून ठोकलं तर ग्लेझ कपचीसारखा उडतो आणि कडेला पांढरा दात दिसत राहतो. एका ठोक्यात पाच-सात तुकडे व्हावेत, दुसरा ठोका फक्त मोठ्या तुकड्यावर. मग निपर. त्याचा जबडा तुकड्याच्या कडेवर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर ठेवायचा, मध्यात नाही, आणि दाबताना दुसऱ्या हाताचा अंगठा तुकड्याला खालून आधार देत असतो. जबडा खोल घातला की तुकडा मनाला येईल तसा फुटतो. प्रत्येक तुकड्याची कड कार्बोरंडमच्या दगडावर दोनदा फिरवायची. जमिनीपासून चार फुटांपर्यंतच्या तुकड्यांसाठी हा नियम आम्ही कधी सोडला नाही, कारण मुलं चालता चालता भिंतीवरून हात फिरवत जातात. तोडताना चष्मा, हातमोजे, पायांत बूट. ग्राइंडर चालवायचाच असेल तर पाण्याची धार लावून आणि मास्क घालून, कारण टाइलच्या कोरड्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात कायमची बसते. लहान मुलांना तोडायला द्यायचं नाही, घासलेले तुकडे मांडायला द्यायचे. ते काम ती मोठ्यांपेक्षा मन लावून करतात.

थेट भिंतीवर चित्र करायचं म्हटलं तर एका वेळी जेमतेम सहा-आठ जण उभे राहू शकतात आणि तेही उन्हात. म्हणून खोलीत टेबलांवर, फायबरच्या जाळीवर भाग बनवले. चित्राचा एकास एक आकाराचा प्रिंट काढला, तो प्लॉटरवर ३६ इंची रोलमध्ये निघतो. त्यावर पातळ प्लॅस्टिक, त्यावर जाळी, त्यावर तुकडे. प्लॅस्टिक विसरलात तर प्रिंट जाळीला कायमचा चिकटतो. १४४ चौरस फुटांना एक मीटर रुंदीची जाळी १५ मीटर लागली. चित्राचे ४८ भाग केले, प्रत्येक साधारण ३ चौरस फुटांचा, म्हणजे वजन साडेचार किलोच्या आसपास आणि एका माणसाला दोन हातांत सांभाळता येणारा. भाग चौकोनी कापायचे नाहीत. चित्रातल्या रेघांवरूनच कापायचे, म्हणजे होजच्या कडेने, होडीच्या बाजूने. चौकोनी कापले की भिंतीवर लादीसारखी जाळी दिसत राहते, कितीही ग्राउट भरा.

जाळीवर तुकडे चिकटवायला सगळे पांढरा डिंक वापरतात. आम्हीही सुरुवातीला तोच वापरला, तोही तुकड्याच्या पाठीवर सगळीकडे पसरून. नमुन्याचा एक भाग दोन दिवस पाण्यात बुडवून ठेवला तेव्हा डिंक पुन्हा दुधासारखा मऊ झाला आणि तुकडे बोटाने सरकू लागले. भिंतीवर पावसात हेच होणार होतं. शिवाय डिंकाचा थर पाठ झाकतो, मग टाइल आणि सिमेंटची चिकटवण यांची गाठच पडत नाही. तयार झालेले नऊ भाग मोडून पुन्हा केले. त्यानंतर पाण्याला टिकणारा डिंक, आणि तोही प्रत्येक तुकड्याला मधोमध हरभऱ्याएवढा एकच थेंब. बारीक तुकड्यांचे भाग, म्हणजे हात आणि चेहरे, जाळीवर केलेच नाहीत. तिथे तुकडे मांडून झाल्यावर चकाकीच्या बाजूने पारदर्शक चिकटपट्टी लावून पूर्ण भाग उचलला. पाठ मोकळी राहते आणि पकड पक्की बसते. बाहेरच्या भिंतीसाठी ही पद्धत जाळीपेक्षा चांगली, फक्त उचलताना हात स्थिर हवा.

खोलीत फेब्रुवारीच्या शेवटी कूलर लावला आणि डिंक वाळेनासा झाला. कूलर हवेत पाणी सोडतो, हे लक्षात यायला एक रविवार वाया गेला. पंखा लावा, कूलर नको.

नवा स्वयंसेवक तीन तासांत पाऊण चौरस फूट करतो, हात बसलेला एक ते सव्वा. पाऊण धरलं तर १४४ चौरस फुटांना १९२ हजेऱ्या लागतात, म्हणजे २० जण आले तर दहा रविवार. मोडून पुन्हा केलेलं धरून आम्हाला तेरा लागले. ६ फूट बाय ३ फुटांच्या टेबलाला चारच माणसं, पाचवं आलं की कोपर लागून तुकडे सरकतात. प्रत्येक भागाच्या मागे क्रमांक आणि वरची दिशा दाखवणारा बाण, शिवाय एका वहीत नोंद आणि फोटो. ही वही सांभाळणारं माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच असावं.

आता जीव दिलेल्यांची नावं. खांब चार. चारही खांबांवर १८ मिलिमीटर जाडीच्या काळ्या ग्रॅनाइटच्या, १२ इंच बाय ४८ इंचांच्या पट्ट्या लावल्या. एका पट्टीवर २४ ओळी बसतात. दोन पट्ट्यांवर नावं आहेत आणि दोन पूर्ण कोऱ्या ठेवल्या आहेत. पट्टी खांबाच्या आतच राहते, जोडावर येत नाही, त्यामुळे तिला चीर जाण्याची भीती कमी. एकेका पट्टीचं वजन अठरा ते वीस किलो, म्हणून चिकटवणीसोबत चार कोपऱ्यांना स्टेनलेस स्टीलचे स्क्रू. पद, हुद्दा, सेवेची वर्षं काहीच लिहिलं नाही. फक्त नाव, वर्णानुक्रमाने. कुणाचं नाव वर आणि कुणाचं खाली हा वाद त्यामुळे उठलाच नाही.

कार्यालयांकडून येणाऱ्या याद्या बहुधा इंग्रजीत असतात. इंग्रजीत ढ आणि ध एक, ळ आणि ल एक, ण आणि न एक. वाढईचा वधाई होतो. यादीवरून देवनागरी करायचीच नाही. प्रत्येक घरी जाऊन त्यांच्या माणसाने त्यांच्या हस्ताक्षरात नाव लिहायचं, त्याखाली संमतीची सही. कुणी नको म्हणालं तर कारण न विचारता नाव काढायचं. मग ते टाइप करून, कोरायचं त्याच मापात कागदावर छापून पुन्हा त्याच घरी नेऊन दुसरी सही. कंत्राटावरचे चालक आणि गटारात उतरणारे कामगार यांची यादी तर कुठेच तयार मिळत नाही, ती वस्त्यांमध्ये फिरूनच करावी लागली, आणि ती पूर्ण झालेली नाही. कोऱ्या पट्ट्या त्यासाठीही आहेत.

सही झालेलं नावही कोरताना बिघडू शकतं. डीटीपीवाल्याकडे जुना फॉन्ट असेल आणि तुम्ही मोबाइलवरून युनिकोडमध्ये मजकूर पाठवला, तर बदलताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो आणि जोडाक्षरं तुटतात. फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं चित्र करूनच द्यायची. वाळूच्या माऱ्याने कोरताना दगडावर रबराचा पडदा चिकटवतात आणि अक्षराचा भाग कापून काढतात. ब च्या पोटातली तिरकी रेघ कापली की रबराची दोन इवलीशी बेटं उरतात. अक्षर बारीक असेल तर मारा सुरू होताच ती उडतात आणि ब नुसता खड्डा होतो. अनुस्वाराचं उलटं. त्याचा ठिपका पडद्यातून खरवडून काढायचा राहून गेला की तो कोरलाच जात नाही, आणि टेंभरे या आडनावाचं टेभरे होतं. एका पट्टीवर हे झालं. ती पट्टी भरून दुरुस्त करता आली नसती, म्हणून पूर्ण नवीन केली. तेव्हापासून मारा सुरू होण्याआधी पडद्यावरचे अनुस्वार, उकार आणि रफार कागदाशी ताडून मोजायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. अक्षराची उंची २५ मिलिमीटरच्या खाली नेऊ नये, खोली दीड ते दोन मिलिमीटर. सोनेरी रंग भरू नका, दोन उन्हाळ्यांत उडतो. चकचकीत काळ्या ग्रॅनाइटवर कोरलेला भाग आपोआप पांढरट राखाडी दिसतो आणि वाचता येतो.

भिंतीवर चढवण्याचं काम नागपुरात डिसेंबर ते फेब्रुवारीच करावं. मार्चनंतर भिंत इतकी तापते की चिकटवणीवर पाच-सात मिनिटांत साय धरते, आणि सायीवर टाइल दाबली तर ती फक्त टेकते. आमचं काम मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबलं. तेव्हा सकाळी सहा ते दहा एवढंच काम केलं आणि उन्हाळ्यात सिग्नलवर बांधतात तसली हिरवी जाळी भिंतीसमोर ताणली. चिकटवण आयएस १५४७७ चा शिक्का असलेली आणि बाहेरच्या भिंतीसाठी असलेलीच घ्यावी. २० किलोच्या सहा पिशव्या लागल्या. पाण्याचं प्रमाण पिशवीवर असेल तेच. कालवून पाच मिनिटं तशीच ठेवायची, पुन्हा ढवळायची आणि नंतर घट्ट झाली म्हणून वरून पाणी घालायचं नाही. कोरड्या हवेत एका वेळी अर्धीच पिशवी कालवावी. आदल्या संध्याकाळी भिंत भिजवायची, सकाळी ती ओलसर असावी पण पाणी चमकू नये. तळाला लेव्हल ट्यूबने पातळी घेऊन लाकडी पट्टी ठोकायची आणि तिथून वर चढायचं. दातेरी थापीने चिकटवण पसरवायची, भागाच्या पाठीलाही पातळ हात मारायचा, लाकडी फळीने दाबायचं. पहिल्या काही भागांपैकी एखादा लगेच सोलून पाहावा. पाठीचा नव्वद टक्के भाग माखलेला दिसला पाहिजे. चिकटपट्टीचे भाग दुसऱ्या दिवशी उघडावेत, त्याआधी पट्टी ओढली तर तुकडे सोबत येतात.

ग्राउटच्या हिशेबात हमखास फसगत होते. पुड्यावरचा तक्ता दोन बाय दोनच्या टाइलसाठी असतो, त्यावरून आम्ही ५ किलो आणलं. तुकड्यांच्या कामात सांध्यांची जागा पाचव्या हिश्शापर्यंत जाते, प्रत्यक्षात ४० किलो लागलं. मधूनच दुसऱ्या लॉटचं ग्राउट आणलं की छटा बदलते, म्हणून सगळं एकदम घ्यावं. रंग मध्यम राखाडी. पांढरं इथल्या धुळीने महिन्याभरात तपकिरी होतं, काळ्यावर सिमेंटचे पांढरे डाग दिसतात. खालच्या तीन फुटांत एपॉक्सी ग्राउट भरलं, कारण खर्ऱ्याच्या पिचकारीचा डाग सिमेंटच्या ग्राउटमधून निघत नाही. एपॉक्सी उष्णतेत पटकन घट्ट होतं, लहान वाटीएवढंच कालवावं आणि लगेच पुसावं. सिमेंटच्या ग्राउटचं उलट आहे. भरल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. उत्साहात लगेच पुसलं की स्पंज सांध्यातला माल ओढून काढतो. स्पंज ओलसर, हात तिरका, बादलीतलं पाणी सारखं बदललेलं. राहिलेला धुरकट थर दुसऱ्या दिवशी कोरड्या फडक्याने निघतो. ॲसिड मारू नका, सांधे जळतात आणि काही रंगीत ग्लेझ कायमचे मळकट होतात.

लोकांसाठी भिंत उघडायला १४ एप्रिल हा दिवस सगळ्यांनी सुचवला. १९४४ साली या तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाच्या स्फोटात ६६ अग्निशमन जवान गेले, म्हणून तो अग्निशमन सेवा दिन. पण तीच बाबासाहेबांची जयंती. त्या दिवशी नागपूर रस्त्यावर असतं आणि ज्यांच्यासाठी भिंत आहे ते सगळे बंदोबस्तावर. अग्निशमन सप्ताह २० एप्रिलपर्यंत चालतो. त्यातला शेवटचा दिवस घेतला, सकाळी साडेसातला, म्हणजे रात्रपाळी सुटलेले आणि दिवसपाळीला जाणारे दोघेही येऊ शकतील. मंच नाही, भाषण नाही, दोन मिनिटं शांतता. नावाच्या घरची माणसं आधी, बाकी सगळे मागे.

दरवर्षी पाऊस संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पूर्ण भिंत लाकडी दांड्याने हलकेच ठोकून पाहायची. घट्ट टाइल टणक वाजते, सुटलेली पोकळ. पहिल्या ऑक्टोबरला तीन जागा पोकळ वाजल्या, तिन्ही पुराच्या गाळ्यात, कोपिंगच्या खाली. तिथे कोपिंगच्या जोडात केसाएवढी चीर होती आणि पाणी तिथूनच उतरत होतं. आधी चीर भरली, मग तुकडे काढले, मागची चिकटवण खरवडून प्लास्टरपर्यंत स्वच्छ केली, दोन दिवस वाळू दिली आणि तेच तुकडे त्याच जागी बसवले. क्रम उलटा केला तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच काम. प्रत्येक छटेचे दोन-दोन किलो तुकडे, त्याच लॉटचं चार किलो ग्राउट हवाबंद डब्यात, भागांची वही आणि नावांचे सही केलेले कागद एका पेटीत ठेवले आहेत. लाल तुकड्यांची पिशवी वेगळी बांधली आहे, कारण तो लाल आता पुन्हा मिळणार नाही.